तारीख सोडा, भाडं वाचवा: लवचीक प्रवाशासाठी विमान तिकिटाची रीत

एकाच विमानात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी किती भाडं भरलं हे विचारून पाहिलं, तर कधी कधी दुपटीचा फरक निघतो. सीट तशीच, पोहोचण्याची वेळही तीच. पण एकाला त्याच दिवशी, त्याच वेळी जाणं भाग होतं आणि दुसऱ्याला नव्हतं. हे दोन प्रवासी वेगळे कसे काढायचे, यावरच विमान कंपन्यांचं भाड्याचं गणित उभं आहे.

हे गणित जुनं आहे. बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी 1972 मध्ये त्याचा पाया घातला. त्यांचं म्हणणं साधं होतं. सीट राखून ठेवली तर शेवटच्या क्षणी येणाऱ्या गरजू गिऱ्हाइकाकडून किती मिळण्याची शक्यता आहे, याचा अंदाज घ्यायचा. स्वस्त तिकिटाचे पैसे त्याहून जास्त असतील तोवरच ते विकायचं. पुढे 1978 मध्ये अमेरिकेत भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि पीपल एक्सप्रेससारख्या स्वस्त कंपन्या आल्या. अमेरिकन एअरलाइन्सने 1985 मध्ये त्यांना उत्तर दिलं ते याच गणिताच्या जोरावर. काही सीट अगदी स्वस्त काढल्या, पण त्यांना अशा अटी जोडल्या की कामासाठी धावपळीने जाणाऱ्याला त्या घेताच येऊ नयेत.

आजही इकॉनॉमीच्या एकसारख्या दिसणाऱ्या सीट कागदोपत्री अनेक भाडेगटांत वाटलेल्या असतात. प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर असतं. स्वस्त गट संपला की पुढचा, त्याहून महाग गट उघडतो. मागणी थंड असेल तर बंद केलेला गट पुन्हा उघडतोही. तुमच्या लवचीकपणाला किंमत येते ती इथे. मात्र ती दोन वेगवेगळ्या वेळी वसूल होते: तिकीट घेण्याआधी, आणि नंतर विमान भरून वाहतं तेव्हा बोर्डिंग गेटवर. बहुतेक लोक पहिल्या संधीवरच थांबतात.

पहिली पायरी: काय सोडता येईल ते लिहून काढा

"मी लवचीक आहे" एवढ्याने काही होत नाही. कागद घ्या आणि सहा गोष्टी वेगळ्या लिहा: जाण्याची तारीख, परतीची तारीख, दिवसातली वेळ, निघण्याचा विमानतळ, उतरण्याचा विमानतळ, सामान. ठिकाणसुद्धा बदलता येत असेल तर सातवी ओळ त्याची. प्रत्येकीपुढे किती सैल सोडता येईल ते आकड्यात लिहा. "तारीख थोडी मागेपुढे चालेल" असं मोघम नको. "दोन दिवस आधी, चार दिवस नंतर" असं हवं.

हे करताना स्वतःशी खरं बोला. परीक्षा, मुलाखत, जवळच्यांचं लग्न किंवा आजारपण यासाठी जाताना जायची बाजू घट्टच असते. परतीची मात्र क्वचितच तितकी घट्ट असते, आणि बरेच जण सवयीने तीही बांधून टाकतात. एकच बाजू सैल सोडली तरी फरक पडतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मध्यरात्रीचं विमान आणि नऊ तासांचा थांबा या गोष्टी यादीतून आधीच काढून टाका. त्यातून वाचलेले पैसे वाटेतच खर्च होतात, वर चिडचिड फुकट.

दुसरी पायरी: एक तारीख शोधू नका, महिना बघा

इथेच सगळ्यात जास्त पैसे आहेत, म्हणून जरा सावकाश.

गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर, कायाक यांपैकी कुठल्याही सेवेत तारखेच्या चौकोनावर टिचकी मारली की दिवसागणिक भाडं दाखवणारं कॅलेंडर किंवा आलेख मिळतो. आधी तो उघडा. पूर्ण महिना डोळ्यांसमोर आला की भाड्याची चढउतार लगेच कळते. साधारणपणे शुक्रवार आणि रविवार चढे असतात. मंगळवार, बुधवार आणि बऱ्याच मार्गांवर शनिवार उतरता असतो. सुट्टीच्या आदल्या दोन दिवसांचं भाडं गगनाला भिडलेलं दिसेल. ऐन सुट्टीच्या किंवा सणाच्या दिवशी सकाळी मात्र तेच विमान अनेकदा बरंच मोकळं असतं, कारण ज्याला पोहोचायचं होतं तो आदल्या दिवशीच पोहोचलेला असतो.

मंगळवारी उडणं आणि मंगळवारी तिकीट काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमुक वारी मध्यरात्री तिकीट काढलं की स्वस्त पडतं, हा समज अजून जिवंत आहे, पण भाडी दिवसातून अनेकदा बदलतात आणि खरेदीला असा ठरलेला मुहूर्त नसतो. ब्राउझरची खासगी खिडकी उघडल्याने भाडं उतरतं, हीही तशीच एक दंतकथा. पान पुन्हा उघडल्यावर आकडा वाढलेला दिसतो, कारण मधल्या वेळात त्या गटातली शेवटची सीट गेलेली असते किंवा आधी दिसलेला आकडाच शिळा असतो.

मुक्कामाची लांबीही हलवून बघा. जुन्या पद्धतीच्या कंपन्यांच्या काही भाड्यांना आजही अट असते, की शनिवारची रात्र तिकडे काढायची. कामासाठी गेलेला माणूस शनिवारी घरी असतो, तेव्हा जो थांबेल तो हौशी प्रवासी, असा त्यामागचा तर्क. सोमवार ते शुक्रवारऐवजी गुरुवार ते मंगळवार करून पाहा. दिवस एक वाढतो, भाडं कधी कधी बरंच खाली येतं.

दिवसातली वेळ हा वेगळा मामला. पहाटेची आणि उशिरा रात्रीची विमानं स्वस्त असतात, आणि पहाटेच्या विमानाचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही: उशीर दिवसभर साचत जातो, त्यामुळे सकाळचं पहिलं विमान वेळेवर सुटण्याची शक्यता जास्त असते. फक्त त्या आडवेळी विमानतळावर पोहोचायला काय वाहन मिळेल आणि त्याचे किती होतील, हे आधी बघा.

तिसरी पायरी: विमानतळ बदला, वाटही बदला

मोठ्या शहरांना अनेक विमानतळ असतात. शोधताना एका विमानतळाऐवजी शहराचा संकेत टाकला तर सगळे एकदम शोधले जातात: लंडनसाठी एलओएन, न्यूयॉर्कसाठी एनवायसी, टोकियोसाठी टीवायओ. पण नावावर जाऊ नका. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे 85 किलोमीटर दूर आहे. टोकियोचा हानेदा शहराला लागून, तर नारिता साठेक किलोमीटरवर. स्वस्त तिकीट बोव्हेचं असेल तर बसचं भाडं, लागणारा वेळ आणि रात्री शेवटची बस कधी, हे सगळं त्या तिकिटाचाच भाग समजा.

ठिकाणच ठरलेलं नसेल तर तुम्ही सगळ्यात नशीबवान गिऱ्हाईक. स्कायस्कॅनरमध्ये गंतव्याच्या जागी 'एव्हरीव्हेअर' निवडता येतं, गूगल फ्लाइट्समध्ये 'एक्सप्लोर' नावाचा नकाशा आहे. आपला विमानतळ आणि महिना टाकायचा, जगभरचे आकडे नकाशावर उमटतात. आधी भाडं बघून मग ठिकाण ठरवणं अनेकांना उलटं वाटतं, पण बचत यात सगळ्यात मोठी असते.

वाटेबद्दल तीन गोष्टी. एक, एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतणं. 'मल्टी-सिटी' हा पर्याय वापरून हे एकाच तिकिटावर करता येतं, आणि मागे फिरून पहिल्या शहरात येण्याचा खर्च वाचतो. दोन, वाटेतला मुक्काम. आइसलँडएअर अटलांटिक ओलांडताना भाडं न वाढवता आइसलँडमध्ये सात दिवसांपर्यंत थांबू देते. पोर्तुगालच्या टॅप या विमान कंपनीची तशीच योजना दहा दिवसांपर्यंतची आहे. एका भाड्यात दोन देश होतात.

तिसरी गोष्ट जपून करायची: दोन वेगळी तिकिटं जोडून स्वतःच प्रवास बांधणं. लांबच्या टप्प्यासाठी एका कंपनीचं स्वस्त तिकीट, पुढच्या छोट्या टप्प्यासाठी दुसऱ्या कंपनीचं. एकाच तिकिटावरचं पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची असते. वेगळ्या तिकिटांवर ती तुमची. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर आला नाहीत, एवढंच. शिवाय मध्ये सामान ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजेच त्या देशात शिरावं लागतं, म्हणजेच व्हिसाचा प्रश्न येतो. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असेल तरी प्रवेशाची पूर्ण प्रक्रिया होते, आणि ज्यांना व्हिसा लागतो त्यांना तो त्यासाठीही लागतो. माझ्या मते दोन वेगळ्या तिकिटांमध्ये एक रात्र तरी सोडावी. तेवढी सवड नसेल तर या वाटेला जाऊच नये.

अर्ध्या वाटेत उतरून जाण्याची एक युक्तीही बरीच चर्चेत असते. मधल्या शहरापर्यंतचं तिकीट महाग आणि त्याच शहरावरून पुढे जाणारं स्वस्त असेल, तर पुढचं घ्यायचं आणि मध्येच उतरायचं. कंपन्यांच्या अटींत हे बसत नाही. अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या संकेतस्थळाला अमेरिकन एअरलाइन्सने 2023 मध्ये न्यायालयात खेचलं होतं. मी ही युक्ती सुचवणार नाही, आणि त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे: ताब्यात दिलेली बॅग पुढच्या शहरात जाते, गडबड झाली की कंपनी तुम्हाला दुसऱ्याच वाटेने शेवटच्या शहरात पोहोचवते, आणि एक टप्पा चुकवला की तिकिटावरचे उरलेले सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. हा शेवटचा नियम साध्या परतीच्या तिकिटालाही लागू होतो. जायचं विमान चुकवून वेगळ्या मार्गाने गेलात, तर परतीची सीट आहे असं गृहीत धरू नका; आधी कंपनीला कळवा.

चौथी पायरी: एकेकट्याचं भाडं बघा

चौघांसाठी एकदम शोधलं आणि स्वस्त गटात दोनच सीट उरलेल्या असल्या, तर यंत्रणा चौघांनाही महाग गटाचं भाडं दाखवते. म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग सगळ्यांसाठी. आकडा कुठे उडी मारतो ते कळलं की तिकिटं दोन बुकिंगमध्ये फोडून घ्या.

याची दुसरी बाजूही आहे. बुकिंग वेगळी झाली की विमान रद्द झाल्यावर कंपनी दोघांना एका विमानात आणि दोघांना दुसऱ्यात घालू शकते. मुलांना मोठ्यांपासून कधीच वेगळ्या बुकिंगवर ठेवू नका. बाकीच्यांसाठी कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंगची नोंद एकमेकांशी जोडून घ्या.

पाचवी पायरी: पूर्ण बेरीज करा

थेट विमानाचं भाडं 100 धरा. लांबच्या विमानतळावर उतरणारं, रात्री थांबा असलेलं दुसरं तिकीट 70 ला मिळतंय. त्यात बॅगेचे 12, बसचे 10, थांब्याच्या रात्रीची खोली 20 असे मिळवले की ते 112 होतं. वर अर्धा दिवस गेला तो वेगळा. शोधयंत्रात तिकीट वरच्या क्रमांकावर दिसतं ते 70 या आकड्यामुळे, आणि माणूस तिथेच फसतो.

या बेरजेत सामान सगळ्यात जास्त घोळ घालतं. मूळ भाड्यात काही कंपन्या फक्त सीटखाली मावेल एवढी पिशवी देतात, डोक्यावरच्या कप्प्यातल्या बॅगेचेही पैसे घेतात. मापं कंपनीगणिक वेगळी. पैसे भरून बॅग न्यायचीच असेल तर ती तिकिटाबरोबरच घ्या; काउंटरवर आणि गेटवर दर चढत जातो. जमत असेल तर फक्त हातातल्या बॅगेवर प्रवास करा. आठव्या पायरीत ती बॅग कामाला येणार आहे.

सहावी पायरी: केव्हा घ्यायचं

बहुतेक मोठ्या कंपन्या साधारण अकरा महिने आधी विक्री उघडतात. इतक्या लवकर भाडं क्वचितच तळाला असतं. शेवटच्या आठवड्यात तर ते हमखास चढतं, कारण तेव्हा घेणारा माणूस अडलेला असतो. "शेवटच्या दिवशी उरलेल्या सीट स्वस्तात काढतात" हे नेहमीच्या विमानांच्या बाबतीत क्वचितच खरं ठरतं. जवळच्या प्रवासासाठी एक ते तीन महिने आणि दूरच्यासाठी दोन ते सहा महिने आधीपासून लक्ष ठेवा, गर्दीच्या हंगामासाठी त्याहून आधी. हा ढोबळ अंदाज आहे, कायदा नव्हे.

लक्ष ठेवायचं म्हणजे रोज बघत बसायचं नाही. दोनतीन तारखांच्या जोड्यांवर भाड्याची सूचना लावून ठेवा. त्या मार्गाचं नेहमीचं भाडं काय ते दोन आठवड्यांत लक्षात येतं. मग मनाशी एक आकडा ठरवा, तिथे आलं की घ्या आणि त्यानंतर त्या मार्गाचं भाडं बघणं बंद करा.

शोध कुठेही घ्या, पण फरक किरकोळ असेल तर तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढा. मध्यस्थाकडून घेतलेल्या तिकिटात काही बदललं की कंपनी मध्यस्थाकडे बोट दाखवते आणि मध्यस्थ कंपनीकडे. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी थेट घेण्याचा आणखी एक फायदा असतो: उड्डाणाला किमान सात दिवस बाकी असतील तर कंपनीला 24 तासांत फुकट रद्द करण्याची किंवा तेवढा वेळ भाडं धरून ठेवण्याची सोय द्यावी लागते.

आणि एक उलटी गोष्ट. लवचीक प्रवाशाने बहुधा लवचीक तिकीट घेऊ नये. बदलता येणाऱ्या तिकिटासाठी जादा पैसे मोजायचे ते ज्याचा बेत त्याच्या हातात नसतो त्याने. तुम्ही तुमचा सैलपणा खरेदीपूर्वीच वापरला. आता घट्ट आणि स्वस्त तिकीट घ्या.

सातवी पायरी: कंपनीने वेळ बदलली तर गप्प बसू नका

तिकीट आणि प्रवास यांच्यामधल्या महिन्यांत कंपन्या वेळापत्रक हलवत असतात. त्याचा मेल येतो, आणि बहुतेक लोक न वाचताच 'मान्य' दाबतात. थांबा. बदल मोठा असेल तर तुमच्या घट्ट तिकिटाला तेवढ्यापुरती मोकळीक मिळते. आडवेळेचं स्वस्त विमान घेतलं होतं, ते रद्द करून कंपनी तुम्हाला दुसऱ्या आडवेळेला टाकत असेल, तर त्याच दिवसाचं सोयीचं थेट विमान मागा. अनेकदा जादा पैसे न घेता मिळतं. फोन करण्याआधी हव्या असलेल्या विमानाचा क्रमांक शोधून ठेवा, म्हणजे पलीकडच्या माणसाला शोधाशोध करावी लागत नाही.

अमेरिकेच्या 2024 च्या नियमांनुसार देशांतर्गत विमानाची वेळ किमान तीन तास किंवा आंतरराष्ट्रीय विमानाची किमान सहा तास सरकली आणि तुम्हाला ती नको असली, तर पैसे परत मिळतात. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमावलीनुसार विमान रद्द झाल्यास परतावा की दुसऱ्या मार्गाने प्रवास, ही निवड प्रवाशाची असते.

आठवी पायरी: गेटवर स्वतःची सीट विका

काही प्रवासी येतच नाहीत, म्हणून अनेक कंपन्या सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले की पंचाईत. पूर्वी कुणाला उतरवायचं ते कंपनी ठरवत असे. ज्यूलियन सायमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1968 मध्ये सुचवलं, की त्यापेक्षा लिलाव करा. ज्याला घाई नाही तो कमीत कमी पैशांत खुशीने थांबेल. कल्पना हसण्यावारी नेली गेली. दहा वर्षांनी आल्फ्रेड कान हे अर्थतज्ज्ञ अमेरिकेच्या विमान वाहतूक मंडळाचे प्रमुख असताना ती अमलात आली. आता अमेरिका आणि युरोपीय संघ दोन्हीकडे कंपनीला आधी स्वेच्छेने थांबणारे शोधावेच लागतात. 2017 मध्ये शिकागोत युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानातून प्रवाशाला ओढून बाहेर काढलं गेलं. त्यानंतर युनायटेडने स्वेच्छेने थांबणाऱ्याला देण्याच्या मोबदल्याची मर्यादा 10,000 डॉलरपर्यंत नेली. एवढी रक्कम हातात पडणं दुर्मीळ, पण घासाघीस करायला जागा आहे हे त्यावरून कळतं. काही स्वस्त कंपन्या जादा तिकिटं विकतच नाहीत. तिथे ही पायरी लागू नाही.

करायचं असं. गर्दीच्या दिवसाचं विमान असेल तर गेटवर लवकर जा आणि तिथल्या कर्मचाऱ्याला नम्रपणे सांगा, "विमान भरलं असेल आणि गरज पडली तर मी थांबू शकतो." नाव लिहून घेतील. ताब्यात दिलेली बॅग नसेल तर तुम्हाला उतरवणं त्यांना सोपं जातं. पहिल्याच रकमेला हो म्हणायची घाई नको. कुणी पुढे येत नसेल तर रक्कम वाढते. मात्र दोघांचीच गरज असताना दहा जण हात वर करून उभे असतील तर ताणून धरण्यात अर्थ नाही.

हो म्हणण्याआधी विचारून घ्या. पुढच्या विमानात सीट पक्की आहे, की प्रतीक्षेत ठेवणार? मोबदला रोख, की व्हाउचर? व्हाउचर असेल तर मुदत किती, दुसऱ्याच्या नावे वापरता येतं का, एकाच वेळी पूर्ण वापरावं लागतं का? रात्र काढावी लागली तर खोली, जेवण आणि विमानतळावरून ने-आण कुणाची? उत्तरं लेखी घ्या, निदान मेलवर. एकदा स्वेच्छेने थांबलात की जबरदस्तीने उतरवलेल्या प्रवाशाला मिळणारी ठरावीक भरपाई तुम्हाला लागू होत नाही. युरोपात ती अंतराप्रमाणे 250, 400 किंवा 600 युरो आहे, तेव्हा तिथे सौदा करताना हा आकडा डोक्यात असू द्या. दिवसातलं शेवटचं विमान असेल आणि खोलीची हमी मिळत नसेल तर सरळ नाही म्हणा. पुढे वेगळ्या तिकिटावरचं विमान गाठायचं असेल तर नाव देऊच नका.

मिळालेल्या व्हाउचरची मुदत त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधी आठवण येईल अशी. तारखेत नीट बघा: काही व्हाउचरवर मुदतीच्या आत तिकीट काढलं की पुरतं, काहींवर प्रवाससुद्धा त्या तारखेआधी व्हावा लागतो. आणि एखादा प्रवास शेवटी झालाच नाही, तर परतावा नसलेल्या तिकिटावरचेही काही विमानतळ कर बऱ्याचदा परत मिळतात. कंपनी ते आपणहून देईलच असं नाही. संकेतस्थळावर परताव्याचा अर्ज शोधा आणि भरा.